पेजमेकर कधीच बंद झालं, आमची पानं अजून त्यातच आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत अ‍ॅडोबी कंपनीने अ‍ॅनिमेट हे सॉफ्टवेअर १ मार्च २०२६ पासून विकणं बंद करणार असं जाहीर केलं आणि जगभरातली अ‍ॅनिमेशनवाली मंडळी अशी काही तुटून पडली की दोन-तीन दिवसांत कंपनीला सांगावं लागलं, की बाबांनो बंद नाही करत, नवीन काही घालणार नाही पण दुरुस्त्या करत राहू. मुलाने ही बातमी मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा मी भाकऱ्या करत होते, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला की त्या लोकांचं कोणीतरी ऐकलं, आणि मग लगेच पोटात कालवलं. कारण आमचं पेजमेकर, म्हणजे पुस्तकांची पानं लावायचं सॉफ्टवेअर, बंद झालं तेव्हा आमच्यातलं कोणी ओरडलंच नव्हतं. ओरडायचं असतं आणि ते कुठे ओरडायचं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मी सांगलीत १९९७ पासून डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम, करते. मराठी ४० ची टायपिंगची परीक्षा झाली, लग्न झालं, आणि घरात बसून दोन पैसे मिळतील म्हणून तीन महिन्यांचा डीटीपीचा क्लास लावला. तेव्हा क्लासमध्ये शिकवायचे तेच पेजमेकर ६.५ आणि श्रीलिपी हे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर. सुरुवातीला पानावर पैसे मिळायचे, मग लग्नपत्रिका, मग पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, आणि मग एकदा दिवाळी अंकाचं काम आलं ते आलंच, दरवर्षी येत राहिलं. माझ्यासारख्या बायका महाराष्ट्रात किती असतील ते मला माहीत नाही पण मला स्वतःला ओळखणाऱ्याच पंधरा-वीस आहेत, सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी धरून. मुलं शाळेत गेली की मशीन चालू आणि ती आली की बंद, असं करत आम्ही मराठीतली किती पानं लावली असतील त्याचा हिशोब कुठेच नाही.

ज्यांनी ते वापरलं नाही त्यांना पेजमेकर म्हणजे काय ते सांगते. १९८५ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या अल्डस नावाच्या कंपनीने ते पहिल्यांदा मॅक या संगणकावर आणलं, पॉल ब्रेनर्ड हे त्या कंपनीचे संस्थापक, आणि डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्दही त्यांचाच. म्हणजे डीटीपी हे आमच्या पाटीवरचं अक्षर तिथून आलंय. त्याच वर्षी अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर आला आणि त्यात अ‍ॅडोबीचं पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा, आणि या तिघांनी मिळून छापखान्यातलं खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायचं काम टेबलावर आणून ठेवलं. अल्डस हे नाव व्हेनिसच्या एका फार जुन्या मुद्रकाचं, अल्डस मॅन्युशियसचं. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने अल्डस विकत घेतली, पेजमेकर त्यांच्याकडे गेलं. १९९९ मध्ये त्यांनी पानं लावायचं स्वतःचं इनडिझाइन काढलं, २००१ मध्ये पेजमेकर ७ आलं आणि ते शेवटचं. २००४ मध्ये सांगून टाकलं की पुढचं व्हर्जन येणार नाही, इनडिझाइनकडे या.

पण या तारखा मी नंतर वाचल्या. २००४ मध्ये आमच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. त्या वर्षी मी एका पतसंस्थेचा अहवाल, दोन कवितासंग्रह आणि एक दिवाळी अंक पेजमेकरमध्ये लावला, २००५ मध्ये लावला, २०१० मध्ये लावला आणि २०१८ मध्येसुद्धा लावला. बंद झालेल्या सॉफ्टवेअरवर एवढी वर्षं जीव लावून काम करणारी माणसं असतात हे कंपनीच्या कुठल्या वहीत आलं नसणार, आणि त्याचं कारण मी लपवत नाही, आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे विकत घेतलेली कॉपी नव्हती. ते बरोबर नव्हतं. पण त्यामुळे झालं असं की जगातल्या हिशोबात आम्ही नव्हतोच, आणि जो हिशोबात नाही त्याला बंद करताना विचारायचं तरी कुणी.

इतका जीव का होता ते एका गोष्टीवरून सांगते. पेजमेकरमध्ये मजकूर ओतला की चौकटीच्या वर आणि खाली एकेक छोटं हँडल दिसायचं, आणि मजकूर उरला असेल तर खालच्या हँडलमध्ये लाल त्रिकोण. त्या लाल त्रिकोणावर क्लिक केलं की कर्सर बदलायचा, हातात जणू उरलेला मजकूर यायचा, पुढच्या पानावर जाऊन क्लिक केलं की तो तिथे वाहायचा. बस्स. मशीनमध्ये ३२ एमबी रॅम असली तरी दीडशे पानांचं पुस्तक असं अंगणात पाणी सोडल्यासारखं पानापानांत जायचं. आणि पानाच्या बाहेरची ती मोकळी जागा, तिथे मी फोटो, ठरवायच्या राहिलेल्या ओळी, जाहिरातदाराचा लोगो, सगळं काढून ठेवायची, ओट्यावर निवडलेली भाजी बाजूला ठेवतो तसं. पान बदललं तरी ते तिथेच. इतकी साधी सोय होती.

मराठीसाठी ते बनवलेलंच नव्हतं हेही खरं आहे. शब्द तोडायची मराठी पद्धत त्याला माहीत नाही, मग जस्टिफाय केलं, म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सारख्या केल्या, की लांब शब्दांच्या ओळीत भगदाडं पडायची. अक्षरांतलं अंतर वाढवून भगदाड बुजवायला गेलं तर शिरोरेषा तुटायची, अक्षरं सुटी सुटी, दात पडल्यासारखी. मग काय करायचं, अंतर वाढवायचं नाही, कमी करायचं, वरच्या ओळीत एक शब्द ओढून घ्यायचा, नाहीतर लेखकाला फोन करून विचारायचं की 'त्याचप्रमाणे' च्या जागी 'तसंच' चालेल का. असं एकेक ओळ करून आम्ही ते सॉफ्टवेअर मराठीला शिकवलं. वेलांटीसुद्धा, म्हणजे श्रीलिपीत पहिल्या वेलांटीचे आकारच वेगवेगळे, अरुंद अक्षराला एक, रुंद जोडाक्षराला दुसरी, आणि जी नुसत्या बोटांनी यायची नाही ती ऑल्ट दाबून चार आकडे मारून आणायची. त्या आकड्यांचा कागद माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. तो कागद पिवळा पडला, फाटला, मी त्यावरून दुसरा लिहिला, आणि आता कागद नसला तरी बोटांना आठवतं. प्रिंट काढायची ती बटर पेपरवर, उलटी, मग ती छापखान्यात जाऊन प्लेट व्हायची. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय झाली होती की चूक मला सुलट कागदापेक्षा उलट्या बटरवर लवकर दिसायची.

तर एवढ्या प्रेमाचं सॉफ्टवेअर गेलं याचं दुःख आहेच. पण संपादक महोदय, मी हे पत्र तेवढ्यासाठी लिहीत नाहीये. हातातलं अवजार जुनं होतं, नवीन येतं, मीसुद्धा २०१९ मध्ये इनडिझाइन शिकले, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मुलाकडून, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीने, मराठी टाइप करून त्यात पान लावणं खरोखर सोपं आहे, ते चांगलंच झालं. माझं म्हणणं अवजाराबद्दल नाही. त्या अवजाराने जे घडवलं ते अजून त्याच्याच पोटात आहे, त्याबद्दल आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. हरभट रोड, मारुती रोड, गावभाग, सगळं पाण्यात. माझं घर उंचावर होतं म्हणून वाचलं, पण मी ज्या छापखान्यासाठी काम करायची तिथे तळमजल्यावर कागदाची रिमं, छापलेले गठ्ठे, जुन्या सीड्यांचे डबे, सगळ्याचा चिखल झाला. दिवाळीनंतर एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या वडिलांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता, गावातली घराणी, जुन्या विहिरी, जत्रा, शाळा कोणी काढली, दुष्काळात कोण कुठे गेलं, सगळं म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून. २००३ मध्ये तीनशे प्रती छापल्या होत्या आणि ते पुस्तक मी लावलं होतं. वडील गेले, घरातल्या प्रती पुरात गेल्या, नातेवाइकांकडे होत्या त्यातल्या काही पुरातच गेल्या आणि काही कुठे गेल्या ते कळेना. त्यांनी विचारलं, ताई तुमच्याकडे फाइल असेल का हो?

फाइल होती. जुन्या मशीनच्या हार्ड डिस्कवर होती, गावाच्या नावाने फोल्डर, त्यात सोळा फायली, पी६५, म्हणजे पेजमेकर ६.५ च्या. पण मशीन चार महिने बंद होतं आणि चालू करायला गेले तर चालू होईना. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, गेला होता. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की हे आता मिळत नाही, भंगारात द्या. मी तीन ठिकाणी फिरले, शेवटी एका मुलाने त्याच्याकडच्या जुन्या मशीनमधला काढून बसवून दिला. विंडोज एक्सपी चालू झालं, पेजमेकर उघडलं, आणि पहिल्या पानावर त्या आजोबांचं मनोगत जसंच्या तसं समोर आलं. ते गृहस्थ माझ्या मागे उभे होते, काही बोलले नाहीत, नुसता स्क्रीनला हात लावला.

आता ती फाइल नवीन कॉम्प्युटरवर नेली तर काय होतं? इनडिझाइनची सीएस६ पर्यंतची व्हर्जनं पेजमेकरची फाइल उघडून घ्यायची, २०१३ नंतर जे महिन्याच्या भाड्यावरचं आलं त्यात ती सोय राहिली नाही. बरं कुठूनतरी उघडली तरी आतला मजकूर युनिकोड नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, या सगळ्या मराठी फाँटवाल्यांनी त्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवले होते, दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे तो फाँट नसेल तर आजोबांचं मनोगत म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलरच्या खुणा यांची खिचडी दिसते. ते मराठी आहे हेसुद्धा कोणाला कळणार नाही. म्हणजे दारं दोन आहेत, एक फाइलचं आणि एक फाँटचं, आणि दोन्हीच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे.

मी काय केलं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल. एक्सपीवर पेजमेकर उघडून एकेक मजकूर स्टोरी एडिटरमध्ये, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत घेतला, आरटीएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी मजकुराची फाइल) करून बाहेर काढला, पेन ड्राइव्हवर नवीन मशीनला आणला, जुन्या फाँटचा मजकूर बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून युनिकोड केला. आणि मग खरं काम सुरू झालं. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' झालेलं असतं, 'तऱ्हा' ची 'तर्हा', 'विद्यार्थी' चा 'विद्याथीर्' आणि 'कर्ज' चं 'कजर्', म्हणजे रफार आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. मशीनला ते कळत नाही, कारण जुन्या फाँटमध्ये रफार हा अक्षराच्या नंतर मारायचा आणि वेलांटी आधी, आणि कोणाचा रफार कोणाचा हे माणसालाच ठरवावं लागतं. आडनावं आणि गावांची नावं असली की तर डोळ्यात तेल घालून, कारण तिथे अंदाजाने दुरुस्त करून चालत नाही. दोनशे आठ पानं होती, मला दीड महिना लागला. प्रूफ ते गृहस्थ आणि त्यांची आत्या, दोघांनी वाचलं, आत्याबाईंना छापील पुस्तक जवळजवळ पाठ होतं.

हे एक पुस्तक झालं. माझ्या एकटीच्या डिस्कवर अशा चारशेच्या वर फायली आहेत. त्यात वगनाट्यं आहेत, एका भजनी मंडळाची वही आहे, वंशावळी आहेत, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आहेत ज्यात गावातल्या पहिल्या शिकलेल्या मुलींच्या आठवणी आहेत, आणि बंद पडलेल्या दोन दिवाळी अंकांचे चौदा अंक आहेत. यातलं कितीतरी कुठल्याच मोठ्या ग्रंथालयात नाही, शंभर-दोनशे प्रती निघालेल्या, वाटून संपल्या. असे संगणक महाराष्ट्रभर आहेत, प्रत्येक तालुक्याच्या गावात एखाद्या छापखान्याच्या माळ्यावर आहेत. आणि आता घाई यासाठी की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून दुकानादुकानांत मशीनं बदलणं चाललंय, आणि नवीन मशीन आलं की माळ्यावरचंही जुनं सगळं एकदमच भंगारात जातं, किलोवर. डिस्कसकट. मी स्वतः आमच्या भंगारवाल्याकडे जाऊन पाहिलंय.

बाहेरच्या लोकांनी काय केलं ते पण सांगते, कारण त्यावरून मला धीर आला. फ्रीहँड नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर होतं, तेही एकेकाळी अल्डसचंच. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने अल्डस घेतली तेव्हा अमेरिकन सरकारने फ्रीहँड तुम्हाला ठेवता येणार नाही म्हणून ते मूळ बनवणाऱ्यांना परत द्यायला लावलं, ते पुढे मॅक्रोमीडिया नावाच्या कंपनीकडे गेलं, आणि २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडियाच घेतली. २००७ मध्ये फ्रीहँड बंद. तर ते वापरणारे लोक गप्प बसले नाहीत, फ्री फ्रीहँड नावाची संघटना काढली, २०११ मध्ये कंपनीवर केस केली. पुढे तडजोड झाली, फ्रीहँड काही परत आलं नाही. पण निदान आम्ही आहोत, आमचं काम यात आहे, हे त्यांनी कागदावर आणलं. आणि दुसरीकडे काही स्वयंसेवक मंडळी आहेत, डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट नावाने काम करतात, त्यांनी बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली आतून कशा असतात ते कंपनीने न सांगता स्वतः शोधून काढलं. त्यांच्यामुळे २०१५ च्या लिबरऑफिस ४.४ या फुकट सॉफ्टवेअरपासून पेजमेकरच्या फायली उघडायची सोय झाली. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. पैसे न घेता, आपण कधी न बघितलेल्या माणसांसाठी, कोणीतरी बसून हे केलंय. फाइलचं दार त्यांनी उघडून दिलं, फाँटचं दार मात्र आपलं आहे, मराठी जाणणाऱ्यानेच उघडायचं आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे की सॉफ्टवेअर बंद करायचं असेल तर करा, पण बंद करताना त्याच्या फाइलची रचना जाहीर करा, म्हणजे ज्याने त्यात वीस वर्षं काम केलं त्याला स्वतःचंच काम उघडायला कोणाच्या पाया पडायला नको. फाँटवाल्यांनाही तेच सांगणं, कोणत्या नंबरवर कोणतं अक्षर होतं तो तक्ता खुला करा, आता त्यात कसलं गुपित राहिलंय? आणि आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आम्हालाही अभिमान आहे, पेढे आम्हीही वाटले. पण शिलालेख आणि ताम्रपट जपायचे तसंच १९९० नंतरची ही पी६५ ची पानंही जपायला हवीत, ती ताम्रपटापेक्षा लवकर नष्ट होणार आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने किंवा साहित्य आणि संस्कृती मंडळाने जिल्ह्याजिल्ह्यात एक खोली, दोन जुनी चालती मशीनं, आणि आमच्यासारख्या चार ऑपरेटर बायकांना पानामागे मोबदला एवढं जरी दिलं तरी काम सुरू होईल. कोणतं कन्व्हर्जन कुठे चुकतं हे आम्हाला माहीत आहे, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आमच्या डोळ्यांत आहे. आम्ही आता पन्नाशीच्या पुढे आलोय, काही जणींचे डोळे अधू झालेत, माझ्याबरोबर क्लासला असलेली माझी मैत्रीण गेल्या वर्षी वारली आणि तिची डिस्क तिच्या सुनेने आधीच विकली होती. तिच्याकडे एका नाटक मंडळीची सगळी हस्तलिखितं टाइप केलेली होती, मला तिने दाखवली होती. त्या नाटकांची नावंसुद्धा मला आता नीट आठवत नाहीत.

छापखानेवाल्यांना आणि ज्यांच्या घरी जुनं मशीन पडून आहे त्यांना हात जोडून विनंती, भंगारात देण्याआधी डिस्क काढून ठेवा. फायलींबरोबर फाँटचं फोल्डरही कॉपी करा, नुसत्या फायली घेऊन उपयोग नाही. सीड्या असतील तर आधी त्या बघा, त्यांच्यावर बुरशी लवकर चढते. लेखकांनी, कवींनी, शाळांनी आपापल्या जुन्या डीटीपीवाल्याला एक फोन करा, त्याच्याकडे अजून असेल.

माझं एक्सपीचं मशीन अजून चालू आहे, फ्लॉपी आणि सीडी दोन्ही ड्राइव्ह चालतात. सांगली-मिरजेतल्या कोणाकडे पेजमेकरच्या फायली असतील तर मी उघडून मजकूर काढून देईन, त्याचे पैसे घेणार नाही, प्रूफ मात्र ज्याचं त्याने वाचायचं. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. शनिवारी आणि रविवारी दुपारी चारनंतर मी घरी असते, सध्या त्या दिवाळी अंकांतला तिसरा अंक चालू आहे.

आपली,
एक डीटीपी ऑपरेटर,
सांगली